अप्पांच्या तब्येतीखातर

नांदेड
९ जुलै २०२३

श्री. ईश्वरप्पा व्याही यांस,
गुरुपादप्पाचा शरणार्थ.

तुमच्या छातीत पेसमेकर बसवून दोन महिने होत आले. दवाखान्यात भेटायला आलो तेव्हा तुम्ही गुंगीत होतात, त्यामुळे बोलणं झालं नाही. फोन करावा तर जावई संगमेश उचलतो आणि "अप्पांना जास्त बोलायची मनाई आहे" म्हणून ठेवून देतो. तनुजाच्या फोनवर करावा तर ती शेजारी उभी असणार, आणि मला जे बोलायचं आहे ते माझ्या लेकीसमोर बोलण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र.

आडपडदा न ठेवता लिहितो. तनुजाने क्लास सोडल्याचं मला परक्या माणसाकडून कळलं. क्लासच्या संचालकांचा फोन आला, "सर, मॅडमना जरा समजावा, जूनपासून फिजिक्सच्या दोन बॅच उघड्या पडल्यात." लातुरात शिकायला पोरं कुठून कुठून येतात हे तुम्ही जाणता. त्या पोरांना शिकवणारी, जिचा फोटो भर चौकातल्या बोर्डावर होता ती मुलगी आज घरात बसून तुमच्या पथ्याची भाजी निवडते आहे. मी विचारलं तर एवढंच म्हणाली, "अप्पांच्या तब्येतीखातर सोडलं, बाबा."

तुम्हाला दोष देत नाही. दुखणं काही कुणी हौसेनं आणत नाही. पण माझी उभी हयात शाळेत व्यायाम शिकवण्यात गेली आहे. अंथरुणाला पाठ लावून कुणी बरा झाल्याचं मी पाहिलेलं नाही. तुम्ही सकाळी अंगणात फेऱ्या मारायला सुरुवात करावी. खाटेवर बसावं, उठावं, पुन्हा बसावं. पाय बळकट झाले की रस्त्यावर यावं. तुम्ही हिंडते-फिरते झालात की माझी लेक मोकळी होईल.

स्पष्ट लिहिलं याचा राग मानू नये.

आपला,
गुरुपादप्पा


लातूर
२८ जुलै २०२३

गुरुपादप्पा मास्तर, शरणार्थ.

पत्र पोचलं. पोस्टमन आला तेव्हा मी ओट्यावरच बसून होतो, म्हणून माझ्या हातात पडलं.

तुम्ही जन्मभर पोरांना सावधान-विश्राम केलं, मी जन्मभर मार्केट यार्डात तुरीचे सौदे केले. त्या दिवशीही सौदाच चालू होता. बोली तोंडात होती आणि डोळ्यापुढं अंधार आला. जाग आली ती दवाखान्यात. डॉक्टर म्हणले, ठोके पार उतरले होते, हृदयाच्या वरच्या कप्प्याचा निरोप खाली पोचत नव्हता. मग ही डबी बसवली. डाव्या खांद्याखाली हात लावला की टणक लागते. आंघोळ करताना मी तिकडं बघत न्हाई.

तुम्ही लिहिता चाला. मी न्हाणीपर्यंत जातो तेच भिंत धरून. दम लागतो म्हणून नव्हे, भेव वाटते. माणूस पडतो ते त्याला आधी कळत न्हाई, हे मी बघितलंय. संगमेश रोज दुकानाला जाताना सांगून जातो, "अप्पा, डॉक्टर म्हणलेत फक्त आराम." डॉक्टरचं ऐकू का तुमचं?

आता तनुजाचं. क्लास सोड असं मी तिला म्हणलो न्हाई. संगमेशनं येऊन सांगितलं, ती तुमच्यासाठी घरी थांबते म्हणते. मला बरं वाटलं. घरात बाईमाणूस न्हाई, संगमेशची माय जाऊन लई वर्षं झाली, सुनेला माया आहे म्हणलं. तुमचं पत्र वाचून कळलं की ही माया तुम्हाला जड जाते.

मास्तर, तुमच्या पत्रात माझी चौकशी दोन ओळीची आहे आणि लेकीच्या नोकरीची दोन पानाची. बापाचं काळीज आहे, समजतो. पण आजारी माणसाला 'तू लवकर बरा हो, माझं माणूस अडकून पडलंय' असं कुणी लिहीत न्हाई.

एक मात्र विचारतो. चालताना ही डबी बंद पडली तर?

ईश्वरप्पा


नांदेड
१० ऑगस्ट २०२३

श्री. ईश्वरप्पा यांस, शरणार्थ.

तुम्ही शेवटच्या ओळीत जे विचारलं तेच खरं पत्र होतं, बाकीचा राग होता. म्हणून त्याचंच उत्तर देतो.

इथल्या ओळखीच्या डॉक्टरांना मी मुद्दाम विचारून आलो. ती डबी तुमच्या ठोक्यांवर पहारा करते. ठोका हुकला की ती हलकी टोचणी देते, नाहीतर गप्प बसते. तिची बॅटरी वर्षानुवर्षं चालते आणि उतरायला लागली तर तपासणीत आधी कळतं. चालण्याने ती बंद पडत नाही. मोबाईल मात्र डाव्या खिशात ठेवू नका. चालताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये, इतक्याच वेगाने चालावं. बोलता येईना झालं की थांबावं. छातीत दुखलं, भोवंडल्यासारखं झालं तर बसून घ्यावं आणि दवाखाना गाठावा. याहून जास्त मी सांगू नये.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांना तुम्ही स्वतः विचारा. संगमेशच्या तोंडून ऐकू नका. पोरं काळजीपोटी डॉक्टरांच्या एका शब्दाचे चार करतात.

मी मुलीचा बाप म्हणून बोललो ते खरं आहे. चौकातल्या त्या बोर्डापुढं उभं राहून मी फोटो काढून घेतला होता. आमच्या घराण्यात कुणाचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं गेलं नव्हतं. तो बोर्ड उतरला याचं मला वाईट वाटतं, तुमचं काही नाही.

आपला,
गुरुपादप्पा


लातूर
२२ ऑक्टोबर २०२३

मास्तर, शरणार्थ.

उशीर झाला. आता जरा फुरसत कमी असते.

तपासणीला गेलो. डॉक्टरनं छातीवर बांगडीसारखं एक यंत्र ठेवलं, पडद्यावर रेघा बघितल्या, सगळं ठीक म्हणले. मी तुमच्या सांगण्याप्रमाणे तोंड उघडलं, "साहेब, मी चालू का?" ते हसले. "म्हणजे तुम्ही अजून चालत नाही? मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सुरुवातीचे काही आठवडे डावा हात वर नेऊ नका, बाकी हळूहळू सगळं करा." संगमेश बाजूलाच होता, मोबाईलमध्ये बघत होता. त्याच्या ऐकण्यात चुकलं असंल. दवाखान्यात कुणाचं डोकं ठिकाणावर असते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. फाटकापाशी पाय अडला. तनुजा मागं होती. म्हणाली, "चला, मी येते." तिनं हात धरला न्हाई, नुसती बाजूनं चालली. तेच बरं वाटलं. पहिल्या आठवड्यात गल्लीच्या तोंडापर्यंत, मग शाळेपर्यंत, आता पार पार्कापर्यंत जाऊन येतो. घरी येऊन खाटेवर उठबस करतो, भिंतीला हात टेकून जोर काढतो. पायजम्याची नाडी आवळावी लागून राहिली.

चालताना बोलता आलं पाहिजे म्हणून मी तिला काहीबाही विचारतो. एकदा विचारलं, ही डबी चालते कशी? मास्तर, पोरीनं रस्ताभर सांगितलं. वीज म्हणजे काय, हृदयात ती कुठून निघते, माझी कुठं अडली, डबी ती कशी पोचवते. माझ्यासारख्या अडत्याला सगळं कळलं. त्या दिवसापासून आंघोळ करताना मी तिकडं बघतो.

आणखी एक. परवा पार्काजवळ एका पोरीनं स्कूटी थांबवली. "मॅडम, तुम्ही परत कधी येणार? नवीन सरांचं काहीच समजत नाही." तनुजा म्हणाली, "बघू." आणि तिथूनच मागं वळली. मी विचारलं न्हाई, पण समजलं.

दिवाळी झाली की संगमेशशी बोलतो.

ईश्वरप्पा


नांदेड
१० डिसेंबर २०२३

श्री. ईश्वरप्पा यांस,

दिवाळी होऊन महिना होत आला. तनुजा पाडव्याला येऊन गेली. आईने विचारलं, क्लास कधी सुरू? ती म्हणाली, "अप्पांना अजून माझी गरज आहे."

तुम्ही पार्कापर्यंत चालता, जोर काढता, पायजमा सैल झाल्याचं आनंदाने कळवता. मग गरज कसली? मला सांगायला वाईट वाटतं, पण तुम्हाला सेवा गोड लागली आहे. गरम भाकरी, वेळेवर गोळ्या, सोबतीला शिकलेली सून. कुणाला नको होईल? अशा आजारातून माणसाला बरं व्हावंसं वाटत नाही.

मी माझ्याकडून जे करायचं ते केलं. यापुढे तुमच्या सद्‌बुद्धीवर सोडतो.

गुरुपादप्पा


लातूर
११ जानेवारी २०२४

मास्तर,

तुमचं मागचं पत्र मी फाडून टाकणार होतो. ठेवून दिलं, कारण तुम्ही लिहिलं ते खोटं असलं तरी मला दुसऱ्या एका खऱ्याचा पत्ता लागला. सगळं लिहितो.

दिवाळीनंतर मी संगमेशला दोनदा म्हणलो, मी आता चांगला आहे. दोन्ही वेळेस म्हणाला, "पुढच्या तपासणीनंतर बघू." ती गेल्या आठवड्यात झाली. डॉक्टरनं यंत्र लावलं आणि संगमेशकडं बघून म्हणले, "अप्पा भरपूर हिंडतात, इथं दिसतंय सगळं. आता यांना घरात ठेवू नका, दुकानाला जाऊ द्या." संगमेश हो म्हणला. मला घरी सोडलं आणि दुकानाला गेला.

दुसऱ्या दिवशी मी धोतर नेसलो, विभूती लावली आणि चालत यार्डात गेलो. मास्तर, किती दिवसांनी. हमाल उठून उभे राहिले. दुकानात गेलो तर माझी गादी न्हाई. तिथं काचेची केबिन केलीय, आत संगमेश आणि दोन खरेदीदार. मला बघून तो बाहेर आला आणि त्यांना म्हणला, "आमचे वडील. हार्टचं ऑपरेशन झालंय, आराम सांगितलाय तरी ऐकत नाहीत." मग मुनीमाला हाक मारली, "व्यंकट, अप्पांना रिक्षात बसवून घरी सोड." मी व्यंकटला कामावर घेतलं तेव्हा त्याला मिसरूड फुटली नव्हती. त्यानं माझं कोपर धरलं, आंधळ्याचं धरतात तसं.

संध्याकाळी संगमेश जेवायला बसला तेव्हा मी विषय काढला.

"दुकानाचं राहू दे. तनुजाला क्लासला जाऊ दे."

"अप्पा, तुम्ही त्यात पडू नका."

"माझ्या तब्येतीखातर बसवलीस ना तिला? आता डॉक्टरच म्हणले, मी चांगला आहे."

तो जेवता जेवता थांबला. "यार्डात मला काय म्हणत होते ठाऊक आहे तुम्हाला? मॅडमचे मिस्टर. चौकात बायकोचा एवढा मोठा फोटो, खाली येणारे-जाणारे बघत उभे. सौद्याला उभा राहिलो की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, मॅडमना विचारून बोली लावा. तुमचं दुखणं आलं आणि तो बोर्ड एकदाचा उतरला. आता पुन्हा चढवायचा न्हाई मला."

तनुजा दारात उभी होती. तिच्या हातात माझ्या गोळ्या होत्या. तिनं गोळ्या ठेवल्या, पाणी ठेवलं आणि आत गेली.

सकाळी चालायला निघालो तेव्हा मी विचारलं, "तुला हे ठाऊक होतं?"

म्हणाली, "हो, अप्पा. पण तुम्ही आजारी होता तोवर लोकांना सांगायला कारण तरी चांगलं होतं."

"मग मला चालायला का लावलंस?"

"तुम्हाला भीती वाटत होती म्हणून."

मास्तर, मी जितका बरा होत गेलो तितकं त्या पोरीचं कारण संपत गेलं, आणि तरी ती रोज माझ्याबरोबर चालली.

आता ऐका. नांदेडातही क्लास कमी न्हाईत. तिला तुमच्याकडं आणून सोडतो. तुमच्या घरी राहील, शिकवील. संगमेशचं मी बघून घेतो, तो काय म्हणायचा ते मला म्हणू दे. तुमची लेक मोकळी व्हावी ही तुमचीच इच्छा होती. येत्या पंधरवड्यात येतो. उलट टपाली कळवा.

ईश्वरप्पा


नांदेड
१८ जानेवारी २०२४

श्री. ईश्वरप्पा यांस, सप्रेम शरणार्थ.

तुमचं पत्र वाचून तनुजाच्या आईला रडू आलं. तुमच्या थोरपणाबद्दल शंका नाही. मागच्या पत्रात माझ्याकडून दोन शब्द जास्त गेले, ते मनात ठेवू नयेत.

परंतु घाई करू नये अशी विनंती आहे. आमच्या मन्मथचं देगलूरच्या एका चांगल्या घराण्यात जुळत आलं आहे. पुढच्या महिन्यात सुपारी फोडायची आहे. ती मंडळी जुन्या वळणाची. अशा वेळी त्याची लग्न झालेली बहीण माहेरी येऊन राहिली, तर पहिला प्रश्न तोच येईल. एकदा प्रश्न आला की उत्तर कितीही खरं असलं तरी उपयोग नसतो.

संगमेश बोलला ते रागात बोलला असेल. पुरुषाला बाजारात चारचौघांत वावरावं लागतं, हेही आपण समजून घेतलं पाहिजे. तो दारू पीत नाही, हात उचलत नाही. तनुजा हुशार आहे. घरी बसून मुलांच्या शिकवण्या घेता येतील. तिला तुम्ही चार शब्द सांगा, तुमचं ती ऐकते.

आणि तुम्ही स्वतःला जपा. तुम्ही हृदयाचे रुग्ण आहात. एवढी दगदग, प्रवास, घरात वाद हे तुमच्या प्रकृतीला झेपणारं नाही. काही दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी, असं मला वाटतं.

आपला,
गुरुपादप्पा


अहमदपूर
२५ फेब्रुवारी २०२४

मास्तर,

वरचा पत्ता बघून चकित व्हाल. सांगतो.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी दाढी करून घेत होतो. पाकीट तनुजानं घेतलं. अक्षर बापाचं, तिनं उघडलं. मग माझ्यापुढं येऊन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलं. वर्गात धडा वाचतात तसं, आवाज न बदलता. 'पूर्ण विश्रांती घ्यावी' इथं मात्र ती थांबली. पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बाबांना उत्तर लिहू नका. काहीच कळवू नका."

दोन दिवस ती माझ्याशीही कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी चालताना म्हणाली, अहमदपूरला एक क्लास आहे, त्यांना फिजिक्सला माणूस पाहिजे. मी तेवढं धरलं.

संगमेशला सांगितलं, मला यार्डाची धूळ, शहराचा गलबला सोसत न्हाई. अहमदपूरला माझ्या भाच्याचं घर रिकामं आहे, तिथं काही महिने राहतो. बोलता बोलता जिन्यावर बसून घेतलं आणि छातीला हात लावला. मास्तर, मी असलं सोंग कधी केलं न्हाई, पण जमलं. संगमेशच म्हणला, "तुम्ही एकटे कसे राहणार? तनुजा जाईल सोबत." कधी परत येणार, हे विचारलं न्हाई. टेम्पो त्यानंच ठरवून दिला. दुकान पुरतं त्याचं झालं, बायको सासऱ्याच्या सेवेत गेली, लोकांत मान राहिला. त्याचं काय बिघडलं?

आता ती सकाळी शिकवायला जाते. बोर्डावर फोटो न्हाई, नाव पण लावू नका म्हणून तिनंच सांगितलंय. संगमेशला वाटते ती दिवसभर माझ्या उशाशी बसून असते. तो एकदा येऊन गेला. त्याची गाडी दिसताच मी पांघरूण घेऊन पडलो, आणि तनुजा चुलीपुढं बसली. तो चहा पिऊन गेला.

इथल्या बाजारातले अडते त्याच्या ओळखीचे, म्हणून मी मोठ्या रस्त्यानं चालत न्हाई. मागच्या बोळातून शेताकडं जातो. तिथं कुणी नसते. तुम्ही मला चालायला लावलं, मी चाललो, चांगला झालो. आता ते चांगलं होणं चोरीच्या मालासारखं लपवावं लागते.

तिनं कळवू नका म्हणलं होतं, तरी कळवलं. बापाला लेक कुठं आहे ते ठाऊक असावं, एवढ्यासाठी.

ईश्वरप्पा


नांदेड
१४ एप्रिल २०२४

श्री. ईश्वरप्पा यांस, सप्रेम शरणार्थ.

सोबत मन्मथच्या लग्नाची पत्रिका पाठवत आहे. लग्न १९ मे रोजी इथेच आहे. तुम्ही, संगमेश आणि तनुजा अगत्याने यावं. मी तनुजाला फोन केला, ती उचलत नाही. आईचाही उचलत नाही. बहिणीशिवाय भावाला हळद कशी लागायची? तुमच्या शब्दाबाहेर ती जाणार नाही.

एक संकोचाची गोष्ट. देगलूरच्या मंडळींनी विचारलं होतं की मुलगी-जावई वेगळे का राहतात. आम्ही सांगितलं, सासऱ्यांच्या हृदयाचा त्रास मोठा आहे, हवापालट सांगितली आहे, सून सेवेला गेली आहे. त्यांना फार कौतुक वाटलं. तेव्हा मंडपात तुम्ही कृपा करून खुर्चीवरच बसावं. उठून फार हिंडू-फिरू नये. तनुजा तुमच्याजवळ असावी. एका दिवसाचा प्रश्न आहे.

तुमचा उपकार जन्मभर विसरणार नाही.

आपला,
गुरुपादप्पा


अहमदपूर
१६ जून २०२४

मास्तर,

लग्नानंतर तुमचं पत्र न्हाई, माझंही न्हाई. आता संगमेश तुमच्याकडं येऊन गेला असंल, म्हणून लिहितो.

तुम्ही म्हणलात तसं मी खुर्चीत बसलो. पहिल्या रांगेत, पंख्यासमोर. तनुजा पाण्याची बाटली घेऊन बाजूला उभी. बायका येत होत्या, तिच्या तोंडावरून हात फिरवत होत्या, "अशी सून नशिबानं मिळते." संगमेशला जावयाचा फेटा बांधला, आहेर झाला. तो चार पाहुण्यांत बसून अप्पांच्या दुखण्याचं सांगत होता. मग तुमचे नवे व्याही आले. भला माणूस दिसला. त्यानं तनुजाला सरळ विचारलं, "तुम्ही काय करता, ताई?" तिनं तोंड उघडलं होतं. तुम्ही मधेच म्हणलात, "सासऱ्यांची सेवा. तिला त्यातच समाधान आहे."

मी चार हातांवर बसलो होतो, मास्तर. उठून उभं राहता आलं असतं. चालत त्या माणसापर्यंत जाऊन, ही शिकवते, असं सांगता आलं असतं. मी उठलो न्हाई. तिनं माझ्याकडं बघितलं, मी फिरणाऱ्या पंख्याकडं बघत होतो.

संगमेश त्याच्या गाडीनं लातूरला गेला. आम्ही एसटीनं निघालो. लोहा मागं पडलं. माळाकोळीच्या पुढं म्हणाली, "अप्पा, मी लांब एका कॉलेजला अर्ज केला होता. त्यांनी बोलावलंय. जूनपासून जाते."

मी विचारलं, "संगमेश?"

"त्यांना मी तिथं पोचल्यावर कळवीन."

मग माझ्या तोंडून गेलं, "आणि माझं कसं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई. म्हणाली, "तुम्हाला चालता येतं, अप्पा."

पुढं अहमदपूर येईपर्यंत ती खिडकीला डोकं टेकून झोपली. मला तिला सांगायचं होतं की मी खुर्चीतून उठायला पाहिजे होतं. पण ते तिला ठाऊक होतं, आणि सांगून तिचं काही होणार नव्हतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती गेली. दोन बॅगा होत्या. एक मी उचलली, स्टँडपर्यंत नेली. भर दिवसा, मोठ्या रस्त्यानं, बाजारातल्या अडत्यांच्या दुकानांसमोरून. कुणीतरी संगमेशला फोन केला असंल. दुसऱ्याच दिवशी तो आला. मी ओट्यावर बसून भाजी चिरत होतो. पांघरूण घेतलं न्हाई. त्यानं तिला घरभर शोधलं, मग माझ्यापुढं उभा राहून ओरडला, "तुम्ही धडधाकट आहात. इतके दिवस मला फसवलंत." मी म्हणलो, हाव. तो म्हणला, लातूरला चला, तिथं निदान लोकांना सांगता येईल. मी म्हणलो, न्हाई.

आता मी एकटाच राहतो. भाकरी करायला शिकून राहिलो, कडा जळतात. तपासणीला एसटीनं जाऊन येतो. डॉक्टर म्हणतात, सगळं उत्तम आहे.

तनुजाचं पत्र आलं. खुशाल आहे. पहिली बॅच मिळाली. पत्ता तिनं मला लिहिलाय. तुम्ही विचाराल, म्हणून आधीच सांगतो. नांदेडला देऊ नका, लातूरलाही देऊ नका, असं तिनं खाली वेगळं लिहिलंय. मी देणार न्हाई.

ईश्वरप्पा